भिंतीकडची बाजू

पालेगावात आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान होतं, तिथं पूर्वी गावाची खळी होती. भात झोडणं बंद झालं तशी पोरं तिथं खेळायला लागली आणि चारी बाजूंनी बिल्डिंगी उभ्या राहत गेल्या. मैदान लांबीला कमी होतं, रुंदीला त्याहून कमी. पूर्वेला एका गोदामाची दगडी भिंत होती आणि आमची टचलाईन तिच्यापासून जेमतेम दोन पावलांवर.

मी राइट बॅक खेळायचो. हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या की भिंत माझ्याकडे यायची. आठवडाभर उल्हासनगरच्या एका कारखान्यात मी जीन्सच्या कापडाची कटिंग मशीन चालवायचो. रविवारी दुपारी, दुसऱ्या हाफमध्ये, मी भिंतीशेजारी उभा राहायचो.

क्लब माझ्या मामानं काढलेला. कोचही तोच. पूर्वी तो स्वतः खेळायचा, आणि त्याचे पुढचे दोन दात कुठल्याशा मॅचमध्ये पडले होते. ते त्यानं कधी बसवून घेतले नाहीत. मी सतरा वर्षांचा असताना त्यानं मला भिंतीपाशी नेलं, माझा खांदा पकडून दगडाला टेकवला आणि म्हणाला, "हात वापरू नको. हाताची फाउल व्हते. खांद्याला खांदा लाव आन जोर दे. बाकीचं ही भिंत करंल."

मी ते शिकलो. चांगला शिकलो. समोरचा विंगर बॉल घेऊन लाईनीकडे आला की मी त्याच्या बरोबरीनं धावायचो, बॉल त्याच्या पायातून थोडा पुढं जाईपर्यंत थांबायचो आणि मग आत झुकायचो. दगडावर माणूस आपटल्याचा आवाज वेगळाच असतो, भिजलेलं गोणपाट आपटावं तसा. लोक ओरडायचे. रेफ्री बहुतेक वेळा शिट्टी वाजवायचाच नाही. वाजवली तर आमची माणसं लाईनीवरच उभी असायची, त्याच्या कानापासून हातभर अंतरावर, आणि पुढच्या वेळी तो विचार करायचा. एकाचं नाक फुटलं, एकाचं मनगट. रात्री जेवताना मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

त्या वर्षी आम्ही गटात दुसऱ्या नंबरवर होतो. वरच्या गटात जायचं तर पूर्ण मापाचं मैदान हवं, अशी लीगवाल्यांची अट होती. बदलापूरच्या पुढं सोनिवलीच्या बाजूला तेव्हा नवं स्टेडियम झालं होतं. बसायला पायऱ्या, लोकांना अडवायला जाळी, खेळाडूंना आत जायला वेगळं दार. तिथल्या माणसांनी आमच्या क्लबला विचारलं, इथं खेळायला येता का?

आमचे कॅप्टन म्हणजे माझे दाजी, ताईचे मिस्टर. अंबरनाथला एका कंपनीत फिटर होते, चौतिशी पार केलेली, तरी मैदानाच्या मध्यात त्यांच्याइतका पळणारा कोणी नव्हता. निरोप आला त्या संध्याकाळी ते मामाच्या ओट्यावर बसून म्हणाले, "जाऊया. पोरांना खरं मैदान मिळेल. इथं आपण खेळतच नाही, मामा. इथं आपण फक्त मारतो."

मामा हसला. "तिथं आपल्याला कोन घाबरंल?"

"घाबरवायलाच पाहिजे का?"

"मंग जिकाल कसं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी मामाच्या बाजूनं बोललो. आपलं गाव, आपली माणसं, सोनिवलीला कोण येणार बघायला, असं काहीबाही. मनात वेगळंच होतं. भिंत नसेल तर मी साधा, जरा जड पायांचा डिफेंडर होतो, हे मला माहीत होतं.

दोन आठवड्यांनी बदलापूरकडची एक टीम आमच्याकडे खेळायला आली. त्यांचा लेफ्ट विंगर बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा होता. काटकुळा, माझ्याच वयाचा, पंचवीस-सव्वीसचा. पहिल्या हाफमध्ये त्यानं मला तीनदा चकवून मागं टाकलं. तिसऱ्या वेळी तर मी बसलोच खाली. गोल झाला. आमचेच लोक मला आईवरून शिव्या द्यायला लागले. शाळेतला एक मित्र ओरडला, "घरी जा रे, कापड काप!"

हाफ टाइमला मामा माझ्यापाशी आला. सगळ्यांसमोर एक कानफटात दिली आणि परत जाऊन बसला.

दुसरा हाफ सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. लांबचा पास त्यांच्या विंगरसाठी भिंतीकडे आला. बॉल लाईनीबाहेर जातोय हे मला दिसत होतं. त्यालाही दिसलं, आणि तो थांबून मागं वळायला लागला. मी थांबलो नाही. पूर्ण वेगात, पूर्ण वजनानं गेलो. तो आधी उजव्या खांद्यावर आपटला, मग तोंडावर, आणि मी त्याच्यावर. या वेळचा आवाज गोणपाटाचा नव्हता. वाळकी फांदी मोडावी तसा काडकन आला. मी बाजूला झालो तेव्हा त्याच्या गळ्यापाशी कातडीखाली हाड वर आलं होतं. तो ओरडला नाही. त्याला श्वासच घेता येत नव्हता.

त्यांचा गोलकीपर सगळं मैदान ओलांडून धावत आला आणि माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी त्याच्या पोटात लाथ घातली. मग लाईनीवरची माणसं आत शिरली. कॉर्नरचे झेंडे उपटले गेले, त्यांचे बांबू फिरायला लागले. अर्धी वीट कुठूनतरी उडत आली आणि रेफ्रीच्या कपाळावर बसली. तो गुडघ्यांवर बसला, हातानं रक्त पुसत, आणि तसाच शिट्टी फुंकत राहिला. कोणी ऐकत नव्हतं.

पाड्यावरचा तिथंच भिंतीच्या बुडाशी पडला होता. आमच्या लोकांचा घोळका त्याच्याकडे वळला. पडलेल्या माणसाला मारायला त्यांना काय कारण होतं, मी सांगू शकत नाही. तेवढ्यात दाजी आले आणि त्याच्या अंगावर पालथे झाले, दोन्ही कोपर जमिनीला टेकवून, खालच्या माणसावर भार येणार नाही असे. ओरडत होते, "सोडा! मरेल तो! सोडा!"

घोळका थांबला नाही. लाथा दाजींना बसायला लागल्या. त्यांच्या अंगात आमच्याच क्लबचा हिरवा शर्ट होता, सगळ्यांना दिसत होता. मलाही दिसत होता. माझ्या तोंडात रक्त होतं, कान वाजत होता, आणि तो माणूस शत्रूला वाचवतोय एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. त्या लाथांमध्ये एक लाथ माझी होती. बरगडीवर. पायाला काहीतरी आत दबल्यासारखं लागलं.

मग पोलिसांची गाडी आली आणि मैदान रिकामं झालं.

दाजींच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पाड्यावरच्याचं गळ्याजवळचं हाड, आणि जबडा. पोलिसांनी आमचे जबाब घेतले. दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांनी बसून मिटवलं. मी हॉस्पिटलमध्ये दाजींच्या खाटेशी उभा होतो तेव्हा ताईनं मला विचारलं, "कोणी मारलं यांना? तू तिथंच होतास ना?"

"गर्दी होती," मी म्हणालो.

लीगवाल्यांनी आमचं मैदान बंद केलं. दुसरीकडे खेळा, नाहीतर खेळू नका. म्हणून मग एका रविवारी सकाळी गावदेवीच्या सभामंडपात मीटिंग झाली. दाजी छातीला पट्टा बांधून आले. त्यांना नीट बसता येत नव्हतं, खांबाला टेकून उभे राहिले. म्हणाले, "सोनिवलीला जाऊ. मला दुसरं काही सांगायचं नाही."

मामा उठला. "लीगची गरज काय हाय? क्लब बंद पडला तरी चालंल. पन दुसऱ्याच्या दारात खेळायला जायचं नाय."

तेव्हा मी बोललो. आधी ठरवलं नव्हतं. म्हणालो, "बॉल बाहेर गेला होता. मला दिसत होता. तरी मी त्या पोराला भिंतीवर घातला. मामानं मला हेच शिकवलंय, नऊ वर्षं मी हेच करतोय. भिंत असेल तोवर मी करत राहीन. म्हणून जाऊया."

मग मामानं शेजारची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि माझ्यावर फेकली. ती हातावर बसली. तो पुढं आला, माझी कॉलर धरली, म्हणाला, "माज्या तोंडावर? माज्याच पोरानं?" त्याला मुलगा नव्हता. मला तो पोरगाच म्हणायचा.

मी त्याला ढकललं. हातानं नाही. खांद्यानं, जसं त्यानं शिकवलं होतं तसंच, खाली झुकून. साठीचा माणूस तो. खांबावर आपटला, घसरला आणि एका हातावर पडला. मनगट वाकडं झालेलं सगळ्यांनी पाहिलं. त्याला चौघांनी उचलून नेलं. जाताना तो माझ्याकडे बघत नव्हता, दाजींकडे बघत होता.

उरलेल्यांनी हात वर केले. जायचं ठरलं.

जायच्या आधी मी पाड्यावर गेलो. दाजी म्हणाले, मीही येतो, पण त्यांना गाडीवर बसवत नव्हतं. पाड्यात शिरल्यावर पहिल्याच झोपडीसमोर त्याचा मोठा भाऊ कोयत्यानं लाकडं फोडत होता. मी कोण ते सांगितलं. तो उठला, कोयता हातातच. माझ्या अगदी जवळ आला. त्याच्या श्वासाचा वास मला येत होता. मी मागं सरलो नाही, सरायचं नाही असं ठरवूनच आलो होतो. त्यानं कोयता उलटा धरला आणि मूठ माझ्या खांद्यावर मारली. एकदाच. मी खाली बसलो.

"बस आता," आतून आवाज आला.

पाड्यावरचा दारात उभा होता. हात गळ्यात अडकवलेला, जबडा तारांनी बांधलेला, म्हणून दातांतूनच बोलत होता. मी माफी मागितली. त्यानं ती ऐकून घेतली.

"यंदा रानातलं काम जमायचं नाय," तो म्हणाला. "लाकूड तोडाया हात वर जात नाय." मग त्यानं विचारलं, "तुमी सोनिवलीला जातांव म्हने. तिथलं मैदान किती रुंद हाय?"

मी सांगितलं.

त्यानं डोळे बारीक करून माझ्या पायांकडे पाहिलं. "मंग तू मना कवाच धरशील नाय," तो म्हणाला. त्याच्या भावाला हसू आलं. मला आलं नाही.

सोनिवलीची पहिली मॅच आम्ही पाच गोलनी हरलो. मैदान संपतच नव्हतं. आमची वीस-बावीस माणसं पायऱ्यांवर बसली होती, जाळीच्या मागं, इतकी लांब की त्यांच्या शिव्याही नीट पोचत नव्हत्या. अर्ध्या तासानंतर माझे पाय गेले. एकदा रागानं मी त्यांच्या विंगरच्या खांद्याला खांदा लावून पूर्ण जोर दिला. तो लाईनीबाहेर गवतावर दोन कोलांट्या खाऊन उठला, शर्ट झटकला आणि थ्रो-इनसाठी बॉल मागितला. एवढंच. मी तिथंच उभा राहिलो, तो जाऊन पडला त्या गवताकडे बघत.

पुढच्या महिन्यात मी ताईकडे जेवायला गेलो. दाजी आतल्या खोलीत होते. ताई चपात्या लाटत होती. ती अजूनही अधूनमधून तेच विचारायची: कोण होतं त्या गर्दीत, तुला एकही तोंड आठवत नाही का? त्या दिवशी तिनं परत विचारलं आणि मी म्हणालो, "मी होतो."

"काय मी होतो?"

"लाथ मारली. बरगडीवर."

तिनं लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं ती रडेल. तिनं ओट्यावरचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि माझ्या कपाळावर मारला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा पाणी संपलेलं होतं, नुसता धातू. तिसऱ्या वेळी दाजींनी मागून तिचा हात धरला. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं. ती मला म्हणत होती, "जा, जा, जा इथून," आणि स्वतःच माझ्या कपाळावर ओढणी दाबून धरत होती.

दाजींनीच मला त्यांच्या स्कूटरवर दवाखान्यात नेलं. खड्डा आला की त्यांच्या बरगड्यांत कळ यायची, ते मला मागून जाणवत होतं. मी म्हणालो, "दाजी, मी..."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुझे बूट मीच घेऊन दिले होते ना. लाल नाडीवाले. तोंडासमोरच होते."

"मग ताईला सांगितलं का नाही?"

"तू कधी सांगतोस बघत होतो."

चार टाके पडले. डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं? दाजी म्हणाले, खेळताना.

दाजींचं खेळणं सुटलं. आता कोच तेच आहेत. वरच्या गटात आम्ही अजून गेलेलो नाही, आणि जाऊ असंही नाही. मी खेळतो, मध्यात, कारण बाजूला पळणं मला झेपत नाही. पाड्यावरचा पुढच्या हंगामात परत आला. उजव्या खांद्यानं जरा वाकडा पळतो, पण तरी माझ्यापेक्षा पुढं. मॅच संपल्यावर तो हात मिळवतो, डावा.

मामा सोनिवलीला एकदाही आला नाही. गणपतीत मी त्याच्याकडे जातो. मामी मला ताट वाढते, तो दुसऱ्या खोलीत जेवतो. गेल्या खेपेला मी जायला निघालो तेव्हा तो आतूनच मामीला मोठ्यानं म्हणाला, "त्याला विचार, परवा किती गोल खाल्ले."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दोन. मारले तीन."

मी चपला घातल्या आणि निघालो.