पाय न टेकता

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. झोपेतच गेला, म्हणाले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पहिला विचार मनात आला तो असा, की आता ती गोष्ट फक्त मलाच माहीत आहे... आणि त्या विचाराची लाज वाटून मी जिन्यात जाऊन बसलो.

गोष्ट कॉलेजच्या दिवसांतली. माझ्या वडिलांची मोटरसायकल घेऊन आम्ही जामबागहून परतत होतो. चालवत होतो मी, मिलिंद मागे. अंबरपेठच्या वळणावर मागे मान वळवून त्याच्याशी बोलायच्या नादात गाडी वाळूवर घसरली. मला खरचटलं. त्याचा डावा गुडघा गाडीखाली सापडला. घरी मी सांगितलं, मिलिंद चालवत होता. आमच्या नल्लकुंट्याच्या घरात ते लगेच पटलं. आम्ही गावाकडच्या जमिनीच्या गोष्टी सांगणारे, तो मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध शिपायाचा मुलगा... का पटलं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला. वडील दवाखान्यात त्याच्यावर ओरडले. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चुकलं, काका." पुढे मी, खोटं का बोललास असं विचारलं तर हसला. "तुझे वडील तुला सोडले नसते रे. मला तर लागून झालंच होतं ना!"

तो गुडघा पुन्हा भार घेईना. सावकाश वळताना गाडी डावीकडे कलली, तर टेकायला पायच नाही. मग त्यानं ठरवलं, टेकायचाच नाही. रोज सकाळी मैदानात विटा मांडून तो त्यांच्यामधून वळायचा, आणि दर आठवड्याला विटा जवळ आणायचा. गाडी कलायला लागली की क्लच किंचित सोडायचा, ती उठायची. घरी आल्यावर त्याची आई, आमची माई, म्हणायची, "एकदा पडलास ते बस झालं नाही का? याच्याकडे बघ, किती शहाणा आहे." हा शहाणा म्हणजे मी.

मग बाजार खुला झाला आणि कोटीजवळच्या एका शोरूममध्ये चकचकीत स्पोर्ट्स गाड्या आल्या. पळायला सुसाट, वळायला आडमुठ्या, हँडल जेमतेम फिरायचं. गिऱ्हाइकांना शिकवायला माणूस हवा होता. मिलिंदची चाल बघून मालक म्हणाले, "एक टांग पे ये गाडी? नक्को मियाँ."

"पाँव लगाया तो भगा देना, साब."

शोरूमच्या बाजूच्या बोळात स्कूटरसुद्धा दोनदा मागेपुढे केल्याशिवाय वळत नसे. मिलिंदनं पहिला गिअर टाकला. क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर उजवा पाय अलगद. गाडी डावीकडे झुकवली, स्वतः उजवीकडे कलला, आणि हनुवटी डाव्या खांद्यावर आणून बोळाच्या तोंडाकडे बघत राहिला. चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. आरसा भिंतीपासून बोटभर. इंजिनाचा आवाज तसूभर बदलला नाही. एकदा वळला, उलट वळला, मग शेजारच्या अंगणात आठचा आकडा काढला. चहावाला किटली हातात धरून बघत उभा. मालक म्हणाले, "आज से-इच आ जाओ." मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात...

पुढे शहरातली कितीतरी पोरं त्याच्या हाताखाली शिकली. "चाकाकडे बघू नका, जायचं तिकडे बघा," तो सांगायचा, आणि मी तिथे असलो तर माझी मान खाली जायची.

मागच्या रविवारी माईकडे गेलो. त्यांच्या बंद गल्लीच्या टोकाला त्याची गाडी उभी होती. एका दमात वळवून रस्त्याकडे तोंड करून लावलेली, त्यानं शेवटची लावली तशीच. माईला सगळं सांगितलं.

"म्हणजे पाडलास तू?"

"हो, माई."

"आणि मी जन्मभर त्याला बोलत राहिले..." ती कण्हत उठली. थप्पड बसेल असं मला वाटलं. ती दारात गेली आणि समोरच्या बाईला हाक मारली. "अजी सुनो! मेरा बेटा गाडी पे से कब्बी-च नहीं गिरा!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ये इकडे. तू सांग तिला."

मी उंबऱ्यावर गेलो आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.