पडदे लावलेली गाडी

गाडी घ्यायची म्हटलं की माणसं बॉनेट उघडून बघतात, टायर दाबतात, जाणकार असल्याचा आव आणून इंजिनाचा आवाज ऐकतात. आमची ती जपानी गाडी घेताना हे सगळं झालंच, पण निकाल त्यावर लागला नाही. मी आत आडवी पडून बघणार आणि हो की नाही ते सांगणार, असं ठरलं होतं.

माझ्या पाठीने मला चाळिशीच्या आतच दगा दिला. विहिरीच्या ओल्या पायरीवरून पडल्याचं निमित्त झालं, मग बेळगावला ऑपरेशन झालं आणि मी सावंतवाडीच्या आमच्या घरात खिडकीजवळच्या कॉटवर आले ती तिथेच राहिले. घरातल्या घरात धरून धरून चालता येई. बसणं मात्र जमत नसे. तक्क्याला टेकून चार घास खाईपर्यंत बसायचे, की कमरेतून कळ निघायची. नवरा हायस्कुलात मास्तर होता. तो शाळेतून येईपर्यंत मी कॉटवरूनच मुलींच्या शिकवण्या घेई. मुली सांगत की बाई निजून सुद्धा धपाटा घालतात. ते खरं होतं.

माहेर मालवणच्या पलीकडे, समुद्राला लागून. एसटीने अर्ध्या दिवसाचा रस्ता, पण खड्ड्यांचा, आणि एसटीत कोणी आडवं पडू देत नाही. आठ वर्षं मी माहेरी गेले नव्हते. त्या आठ वर्षांत आई गेली, तेव्हाही जाता आलं नाही. त्याबद्दल मी कोणाशी बोलत नसे. विचारलं कोणी, तर म्हणे, मी माहेरी जाईन ती बसून जाईन, चारचौघींसारखी. जत्रेला जाईन, ओटी भरून घेईन आणि परत येईन. तोपर्यंत नाही. हे मी इतक्या वेळा बोलले होते की आता मागे घ्यायची सोय राहिली नव्हती.

भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोटीवर इंजिनिअर, बिनलग्नाचा. वर्षातले थोडे दिवस गावच्या घरी असे, बाकी पाण्यावर. जपानच्या बंदरात त्याने अशी गाडी पाहिली होती. लांबट, छोट्या बससारखी, दार बाजूला सरकणारं, आणि आतल्या सीटा दुमडून सपाट केल्या की अख्खी खाट होणारी. घरची माणसं तीत झोपून प्रवास करतात, असं तो दर सुट्टीत सांगे. एकदा तो सुट्टीवर आला आणि थेट माझ्या कॉटच्या कडेवर येऊन बसला.

"ताये, गाडी गावली."

गाडी गोव्यात होती. म्हापशाजवळचा एक म्हातारा आफ्रिकेतली नोकरी संपवून कायमचा परत आला तेव्हा ती बोटीवर घालून घेऊन आला होता. परदेशातून कायमचं परतणाऱ्याला त्या काळी गाडी आणता येई, पण काही वर्षं ती विकायची नाही अशी अट असे. ती वर्षं आता सरली होती. बायको वारली होती, मुलं तिकडेच राहिली होती, आणि एकट्याला ती एवढी गाडी खायला उठत होती.

मी म्हटलं, "निजान जावक मी काय आंब्याची पेटी आसंय?"

"ताये, ऐक तरी."

"नाय. सामान म्हणान मी खंय जावचंय नाय."

तो म्हणाला, "तू माका कडेर घेवन जत्रेक न्हेलंस. तेव्हा मी काय सामान होतंय?"

नवरा तेवढ्यात म्हणाला, की हिचे पार्ट कुठे मिळणार, बिघडली तर काय, आपल्याकडे अशी गाडी कोणी उघडूनही पाहिली नसेल. बांद्याच्या गॅरेजवाल्याने तर हात जोडलेच होते, म्हणाला होता, हिच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नाही. भाऊ म्हणाला, बोट वर्षातून एकदा जपानला लागते, पार्ट मी आणीन. त्याचं सगळं आधीच ठरलं होतं. राहिले होते मी.

म्हणून मी अट घातली. गाडी इथे आणा, मी तीत पडते, तळ्याभोवती एक फेरी मारा. कळ आली तर विषय संपला. खरं सांगायचं तर कळ यावी असंच मला वाटत होतं. कळ आली की माझा शब्दही राहिला असता आणि भावाचे पैसेही.

म्हातारा स्वतः गाडी चालवत आला. पांढरी गाडी, काचांना निळे पडदे, पुढच्या काचेवर जपानी अक्षरांचा एक कागद चिकटवलेला. त्यावर काय लिहिलंय, मी विचारलं. भाऊ अगदी सहज म्हणाला, "इंजिन तापलं की थांबा." त्याला जपानी ओ की ठो कळत नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

म्हाताऱ्याने सीटा पाडल्या, वर एक जाड चादर अंथरली आणि कोकणीत मला म्हणाला, "न्हिदून पळय बाय," म्हणजे आडवी पडून बघ. त्याने ती चादर हाताने इतकी साफ केली, पुन्हा पुन्हा, की तिथे पूर्वी कोण झोपत असेल ते मला न सांगता समजलं. नवऱ्याने आणि भावाने धरून मला आत घेतलं. गाडी हलली. मी दात आवळून वाट बघत राहिले. राजवाड्याकडचं वळण गेलं, बाजाराकडचं गेलं, पुलावरचा धक्का गेला. कळ आली नाही. डोळ्यांसमोर झाडांचे शेंडे आणि विजेच्या तारा सरकत होत्या, आणि मला एकदम इतका आनंद झाला की राग आला.

"कसा वाटला?" भावाने पुढून विचारलं.

"ठीक आसा," मी म्हटलं.

गाडी त्याने किती पैशांना घेतली ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. जाताना म्हातारा गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारून बसस्टँडकडे चालत गेला, मागे न बघता.

जत्रेच्या दिवशी आम्ही निघालो. भातं कापून झाली होती, हवा छान होती. नवऱ्याची शाळा होती, म्हणून भाऊ आणि मी दोघंच. कुडाळला नाक्यावर गाडी थांबली आणि भोवती माणसं जमली. अशी गाडी कोणी पाहिली नव्हती. एक जण काचेला नाक लावून आत बघू लागला आणि त्याला मी दिसले. मी भावाला म्हटलं, पडदे लाव. तो म्हणाला, वारा बंद होईल. मी म्हटलं, लाव म्हटलं ना.

मग सगळे पडदे लागले आणि मी त्या निळ्या उजेडात पडून राहिले. पण कट्टा गावापुढचे उतार पाठीला ओळखीचे लागले, चौके आलं तेही कळलं, आणि मग खारा वास आला. घराच्या वळणावर गाडी हळू झाली.

इथे काय झालं ते कळायला आमच्याकडची एक रीत ठाऊक हवी. गावचं माणूस मुंबईत वारलं आणि घरच्यांची ऐपत असली, की त्याला शेवटचं गावाला आणतात. पांढरी गाडी येते, पडदे लावलेली, हळू चालणारी. ती वाडीत शिरली की कोणी कोणाला काही विचारत नाही.

आमच्या शेजारी काकी राहायची, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आई गेल्यापासून घराची किल्ली तिच्याकडेच. मी येणार हे भावाने तिला सांगितलं नव्हतं. मी ऐनवेळी नाही म्हणेन याची त्याला खात्री होती. काकी अंगणात होती. तिला पांढरी गाडी दिसली, पडदे दिसले, मान खाली घालून उतरणारा भाऊ दिसला. मान खाली होती कारण तो चपला शोधत होता. आत कोणीतरी आडवं आहे हे पुढच्या काचेतून तिला दिसलंच असणार.

मला आतून फक्त आवाज आला. आधी काहीतरी भांडं पडलं. मग काकी म्हणाली, "गेलंस मां गो चेडवा." आणि रडायला लागली. काकी माझ्या तोंडावर कधी गोड बोललेली मला आठवत नाही. माझ्या लग्नात सुद्धा ती मला म्हणाली होती की साडीचा रंग चुकला. तीच काकी म्हणत होती, "आवशीक बघूक नाय येवक गावला, तसाच मनात ठेवन गेलंस. माका एकदा तरी सांगाचा होतास. मी इलंय असतंय. चलत इलंय असतंय."

मला लगेच हाक मारायला हवी होती. पण मी ऐकत राहिले. आई गेल्यापासून तिच्याबद्दल माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, मीच बोलू दिलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "काकी, मी जिती आसंय."

मग दार सर्रकन सरकलं आणि काकीचं लाल झालेलं तोंड आत आलं. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, माझा पाय दाबला, आणि वळून भावावर तुटून पडली.

"मेल्या, पांढरी गाडी, पडदे लावलेले, आनी आत निजलेला माणूस. माणसान काय समजाचा?"

"तिनाच सांगितल्यान पडदे लावक," भाऊ म्हणाला.

"तिना सांगितल्यान. आनी तुका अक्कल?"

दुपारी मला घरात नेलं. ओसरीवर आईची जागा तशीच होती. काकीने पेज आणि सोलकढी दिली आणि परत नेहमीसारखी बोलू लागली, म्हणजे मी किती वाळले आणि केस किती पांढरे झाले. संध्याकाळी जत्रेला निघायचं होतं. मी तिला म्हटलं, काकी, आई भरायची तशी ओटी भर. आता तूच भरणार.

ती सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आली, आणि माझ्या अंथरुणाजवळ नुसती उभी राहिली. भावाने मला सकाळपासून हलवलं होतं, त्यामुळे पाठ आता धरली होती. मी उशीवरून मान वर केली तेवढीच. पदर पोटावर पसरला.

"ऊठ गो जरा," ती म्हणाली.

"नाय जमत आज. अशीच भर."

ती सूप घेऊन मागे सरकली. "निजलेल्या सवाष्णीची ओटी खंयच्या वेळाक भरतत, तुका ठावक आसा. ता माज्या हातान नाय होवचा. सकाळी एकदा रडलंय, तितक्या पुरे."

मला ठाऊक होतंच. नवऱ्याच्या आधी बाई गेली की तिला नेण्यापूर्वी तिची ओटी भरतात, तेव्हा ती निजलेली असते. काकी बरोबर होती आणि म्हणूनच मला जास्त राग आला. एवढी गाडी घेतली, तळ्याभोवती फेरी मारली, इथवर आले, आणि हातभर उंचीसाठी अडलं होतं. मी भावाला म्हटलं, मला गाडीत घाल, आपण परत जाऊ. त्याने घातलं.

वाडीतल्या बाया तेव्हा नटून जत्रेला निघाल्या होत्या. काकी त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. "खंय चाललास? हिका पाठ नाय. आपून देवया," ती म्हणाली आणि आधी स्वतः गाडीत चढायला लागली, मग आठवलं तशी उतरून सूप घेऊन आली.

त्या सात-आठ जणी होत्या. दोघी माझ्याबरोबर शाळेत होत्या, बाकीच्या माझ्या नंतर वाडीत आलेल्या सुना, मला न ओळखणाऱ्या. एकेक करून त्या आत शिरल्या. भाऊ म्हणाला, "सांभाळून गो, स्प्रिंगा जपानी आसत." कोणी लक्ष दिलं नाही. त्यांनी मला उठवलं आणि तिघी माझ्या मागे पाठीला पाठ लावून बसल्या. दोघींनी दोन्हीकडून खांदे धरले.

"टेक गो," मागून कोणीतरी म्हणालं. "सगळो भार टाक. आमी आसंव."

मी भार टाकला. कोणाच्या पाठी त्या, मला दिसत नव्हत्या. गरम होत्या, आणि त्यातली एक हसू आवरताना हलत होती. काकीने पाच वेळा तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, कुंकू लावलं. तिने घाई केली नाही. कळ आली, चांगली सणसणून आली. मी रडले. ते दुखण्याने होतं की आईसाठी, की त्या अनोळखी पाठींमुळे, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही.

मग मला परत आडवं केलं, आणि त्या बायांनी उतरायला नकार दिला. चालत कोण जाणार आता, म्हणाल्या. भावाने तशीच गाडी हाकली. देवळाजवळच्या, भात कापून मोकळ्या झालेल्या कुणग्यात त्याने गाडी उलटी लावली आणि मागचं दार वर उचललं. मी पडल्या पडल्या पालखी बघितली. काकीने जत्रेतलं गोड खाजं आणून माझ्या तोंडात घातलं आणि म्हणाली, साडीचा रंग बरा आहे.

नंतर मी दर जत्रेला गेले. पडदे मी पहिल्याच वर्षी काढून टाकले. काकांच्या आधी काकी गेली, तेव्हा निरोप आला तसे आम्ही त्याच गाडीतून निघालो, कुठे न थांबता. अंगणात तिला निजवलं होतं, नवी साडी नेसवून. ओटी कोण भरणार, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, मी भरते. मी गाडीतून खाली उतरले, तिच्याजवळ जमिनीवर बसले, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या मागे तिघी जणी येऊन पाठ लावून बसल्या.