दुसरं विमान

माझा धाकटा भाऊ तेगिद किती साधा, किती गुणी, असं कुणी मला सांगायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चॅपलमध्ये म्हाताऱ्या बायका माझा हात धरून म्हणतात, "मेरेरिद, तुझा भाऊ म्हणजे देवमाणूस गं!" असेल. देवमाणसाचे मोजे मी धुते, मला विचारा.

तेगिद शाळेची बस चालवतो. सकाळी पोरं सोडली की शाळा सुटेपर्यंत मोकळा. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणी बायको शोधली असती, निदान बहिणीचं कुंपण तरी नीट केलं असतं. हा कॅमेरा पाठीला लावून क्रेग वेन डोंगराच्या उतारावर जाऊन बसतो. लढाऊ विमानं उडवणारी पोरं आमच्या दरीत खालून उडायचा सराव करतात, आणि इतक्या खालून, की उतारावर बसलेल्याला विमान वरून दिसतं. पाठ, पंख, आत बसलेल्याचं हेल्मेट, सगळं. एखादा मान वळवून वर बघतोसुद्धा. तेवढ्या एका नजरेसाठी कुठून कुठून माणसं येतात, ओल्या गवतात दिवस काढतात, आणि कुणी "डावीकडून!" असं ओरडलं की सगळी एकदम उठतात. शनिवार-रविवार विमानं सुट्टीवर. तेव्हा तेगिद घरात माशा मारतो.

आई गेल्यापासून तो आमच्याकडेच राहतो, मागच्या खोलीत. भिंतीवर विमानं, जेवतानाही विमानं. काट्याला बटाटा टोचून मला शिकवायचा, "ताई, ती नेहमी जोडीनं येतात. पहिलं गेलं की नवखा माणूस कॅमेरा खाली करतो आणि काय मिळालं ते बघत बसतो. तेवढ्यात दुसरं निघून जातं. पहिलं गेलं तरी कॅमेऱ्यावरून डोळा काढायचा नाही."

"आणि माझ्या मेंढ्यांनी भिऊन गाभ टाकला तर?"

"त्यांना सवय झालीय गं."

मेंढ्यांनी ह्याला येऊन सांगितलं असावं.

माझा नवरा एम्लिन ह्यावर नुसता हसायचा. त्याचं आणि तेगिदचं चांगलं जमायचं. मार्चमध्ये मेंढ्या व्यायला आल्या होत्या, म्हणून एम्लिन लाल क्वाडवर, म्हणजे डोंगरावर चालणाऱ्या चारचाकी मोटरसायकलवर, खाद्याची पोती टाकून वर गेला. दिवस असा पावसाळी, की फोटोवाल्यांपैकी तेगिद सोडून वर कुणी नव्हतं. दुपारी तेगिदच चिखलानं माखून धावत दारात आला. "ताई, दाजी पडलेत! क्वाड उलटलीय!"

खुबा मोडला होता, डोक्याला मार होता. शुद्धीवर आल्यावर एम्लिनचा पहिला शब्द, "विमान." दगडी कुंपणाच्या मागून अगदी डोक्यावर आलं म्हणे. मेंढ्या गाडीसमोर उधळल्या, त्यानं हँडल फिरवलं, आणि गाडी उलटली. आम्ही हवाई दलाला कळवलं. तिकडून उत्तर आलं, त्या वेळी त्या दरीत इतक्या खालून आमचं एकही विमान गेलेलं नाही. झालं! कागदावर विमान नाही म्हणजे माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरही नाही.

डॉक्टरीण बिचारी गोड बोलणारी. म्हणाली, मार लागला की डोकं अशा गोष्टी जुळवतं. विमान नव्हतं तर हे पडले कशानं? चक्कर आली असणार. आणि चक्कर म्हटल्यावर क्वाड बंद, गाडी चालवणं बंद. मी तिच्यासमोर तेगिदला विचारलं, "तू वर होतास ना रे? सांग की!"

तो बुटांकडे बघत होता. "मी तेव्हा खाली, गाडीत डबा खात होतो. उलटलेली क्वाड दिसली तसा धावलो."

"तुम्ही होतात म्हणून वाचले," असं म्हणून डॉक्टरणीनं त्याची पाठ थोपटली. आवाज मीही ऐकला होता. पण आवाज रोजचाच, शपथेवर काय सांगू?

क्वाड नाही तर मेंढ्या नाहीत. आणि आमच्या मेंढ्या म्हणजे चार पैशांची जनावरं नव्हेत. दगडी कुंपणापलीकडे वर डोंगर सगळा मोकळा. आपली हद्द कुठली, हे आई कोकराला दाखवते, ते कोकरू पुढे आपल्या कोकराला. एम्लिनच्या आजोबांच्या आधीपासून हे असं चाललंय. कळप एकदा उतरला की संपलं, विकतच्या मेंढ्यांना डोंगर कोण शिकवणार? तरी आम्ही गिऱ्हाईक शोधलं. सप्टेंबरातल्या एका सोमवारी ट्रक येणार होता.

त्या उन्हाळ्याचं काय सांगू? एम्लिन खिडकीत बसायचा. आधी विचारायचा, "मेरेरिद, होतं ना गं विमान?" पुढे पुढे म्हणायला लागला, "नसेलच." चष्मा सापडला नाही तरी म्हणायचा, "बघ, डोकं गेलंय माझं." पन्नास वर्षं डोंगरावरची मेंढी चालीवरून ओळखणारा माणूस! आणि समोर तेगिद मान खाली घालून सूप ओरपत बसलेला. मला वाटायचं, बिचाऱ्याला दाजींचं बघवत नाही. मी त्याला आणखी वाढायची! आठवलं की अजून जीव जळतो.

ट्रक यायच्या आधीच्या शुक्रवारी योस्त आला. हा हॉलंडचा फोटोवाला, दरवर्षी येतो आणि फाटक नीट लावतो म्हणून मी त्याला चहा देते. त्यानं खिशातून फोन काढला. "मेरेरिदबाई, भावानं काढलेला हा फोटो पाहिलात? यंदाचा सगळ्यांत भारी! मला एकट्याला पाठवलाय, कुणाला दाखवू नको म्हणाला. पण तुम्ही तर घरच्याच."

विमान एका कुशीवर कललेलं, पंखांच्या टोकांना पांढऱ्या वाफेचे शेपटे. मला विमानातलं ढेकळं कळत नाही, पण माझा डोंगर कळतो. पंखाखाली आमचं दगडी कुंपण होतं, वाकलेलं झाड होतं, आणि झाडाजवळ काहीतरी लाल.

"हे काय रे?"

"खडक असेल." त्यानं बोटांनी फोटो मोठा केला. चार चाकं आभाळाकडे.

चहा तसाच टाकून मी डोंगर चढले. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत. तेगिद गवतात बसला होता. माझं तोंड बघूनच त्याला समजलं.

"ताई, इथं एक रीत आहे," तो म्हणाला. "वैमानिकाला गोत्यात आणायचं नाही. फोटो बाहेर गेला असता तर त्या पोराचं उडणं कायमचं बंद झालं असतं."

"मेल्या, मला शिकवतोस? ह्या फोटोत क्वाड आधीच उलटलेली आहे! हे दुसरं विमान आहे!"

तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "दाजी पडलेले दिसले गं मला. कॅमेऱ्यातूनच दिसले. पण डोळा निघालाच नाही. दुसरं गेलं आणि लगेच धावलो. मिनिटसुद्धा झालं नसेल."

"ते मिनिट तुझं तुला लखलाभ! पुढचे सहा महिने? त्याला वेडा ठरवत होते आणि तू माझ्या हातचं गिळत होतास!"

मी त्याचा थर्मास उचलून दरीत भिरकावला. कॅमेराच भिरकावणार होते, पण म्हटलं, न जाणो, एम्लिन अजून त्यातच असेल.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेगिदनं कॉम्प्युटर उघडला. पहिला फोटो आला. कुंपणाला घासून गेल्यासारखं विमान, शेपटीवरचा नंबर स्वच्छ, खाली उधळलेल्या मेंढ्या आणि त्यांच्यात लाल क्वाडवर मान खाली घातलेला माझा नवरा.

एम्लिननं काठी टाकली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "होतं," तो म्हणाला. "होतं! मेरेरिद, विमान होतं!" हसला काय, रडला काय, मलाच कळेना. सोमवारी ट्रकवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं, आणि डॉक्टरणीपुढे तो फोटो आपटला. मेंढ्या आजही वर आहेत.

पण त्या संध्याकाळी एम्लिन तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं स्वतःच बटण दाबून पुढचा फोटो आणला. कुशीवर कललेलं विमान, पांढरे शेपटे, खाली चार चाकं. आणि चाकांशेजारी, योस्तच्या फोनवर मला न दिसलेलं, एम्लिनचं पिवळं जाकीट. तो पुढे वाकून बघायला लागला.

"दाजी..." तेगिद म्हणाला.

"हा जास्त चांगला आलाय रे," एम्लिन म्हणाला.

त्यानं तो फोटो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला, आणि जेवायच्या टेबलासमोर, तेगिदच्या खुर्चीपुढच्या भिंतीवर लावला. फोटो चांगला आहे म्हणून लावलाय, म्हणतो. माझा नवरा सरळ माणूस आहे, खरंच तसं असेल. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते, आणि तेगिदला त्याच खुर्चीवर वाढते.