दिपालीचं ‘हाव’

आठ दिवस दिपालीने इंग्रजी वाक्यं पाठ केली होती आणि ऐन वेळी त्यातलं एकही आठवेना. पाहुणी म्हणजे मार्टिना मॅडम. परदेशातल्या, प्राग शहरातल्या एका सॉस करणाऱ्या छोट्या कंपनीसाठी मिरची शोधत ती आयुष्यात पहिल्यांदाच नागपुरात उतरली होती. बैठक उद्या होती, पण सकाळीच सदर भागातल्या हॉटेलातून तिचा फोन आला, ‘आज मोकळी आहे. शहर दाखवाल का?’

इंग्रजी बोलायचं काम घरात नवऱ्याचं, जितेंद्रचं. आणि तो नेमका मिरची आणायला भिवापूरला गेलेला.

“अहो, मले नाही जमत तिच्यासंग बोलणं,” दिपाली फोनवर रडकुंडीला आली.

“काहून घाबरून राहिली वं? बीए झाली ना तू? बाई जे विचारन त्याले हो म्हण, झालं!”

हुडकेश्वरच्या त्यांच्या गच्चीवर अकरा बायका मिरचीचे देठ खुडायच्या, मिरची वाळवायच्या, खाली गिरणीत दळायच्या. पण काम वर्षातले चारच महिने. उरलेले आठ महिने त्या दुसऱ्यांच्या घरची भांडी घासत. ही वर्षभराची ऑर्डर मिळाली तर ते सुटणार होतं. दिपालीने तोंडाला ओढणी बांधली आणि स्कूटी काढली.

हॉटेलातून मार्टिनाला मागे बसवून निघाली, तर बर्डीच्या सिग्नलला मागून पहिला प्रश्न आला, मिरची उन्हात वाळवता का?

“हाव,” दिपाली म्हणाली. नागपूरच्या माणसाचा होकार हाच. झोपेतून उठवलं तरी तोंडातून हेच निघणार.

मार्टिना स्वतःच सांगत सुटली की नुसत्या जमिनीवर वाळवली तर माती लागते, म्हणून ताडपत्री हवी, वरून जाळी हवी. “हाव, हाव,” दिपाली मान डोलवत राहिली. तशी मार्टिनाने जाळीची भोकं केवढी असावीत तेही सांगितलं. स्वतःच विचारते, स्वतःच उत्तर देते, बाई भलती बोलकी आहे, असं दिपालीला वाटलं. बरंच झालं म्हणा.

दोघी पोह्यांच्या ठेल्यावर थांबल्या. पोह्यांवर ओतलेला लालभडक रस्सा, म्हणजे तर्री, पाहून मार्टिनाने विचारलं, फार तिखट आहे का? “हाव.” एक घास खाऊन तिने डोळे मिटले. आधी जिभेचं टोक, मग घसा, मग कानामागे, असं बोटाने दाखवत तिने तिखटाचा अख्खा रस्ता समजावून दिला. ठेलेवाला हसायला लागला.

मग तिने विचारलं, मालाच्या प्रत्येक लॉटसोबत लॅबचा रिपोर्ट देता ना?

“हाव.”

निघून गेलं तोंडातून. कसला रिपोर्ट! घरी तिच्या सासूबाई प्रयागबाई मिरची कानाशी धरून हलवायच्या. बी खुळखुळलं की वाळली.

मार्टिनाने ओलावा, बुरशी, सगळं नीट समजावलं. मग चमचा खाली ठेवून म्हणाली, “या महिन्यात मिरचीच्या तीन व्यापाऱ्यांना भेटले. त्यांचं सगळ्याला यस, यस. दर वेळी ‘हाऊ?’ विचारणारी तू पहिलीच. मला हे आवडलं.”

दिपालीचा घास तोंडातच राहिला. हाव. हाऊ. अरे देवा!

गप्प राहिलं असतं तर काहीच बिघडत नव्हतं. उलट भाव वधारला होता. पण रिपोर्ट पहिल्याच लॉटला मागितला जाणार, मग त्या अकरा जणींना काय सांगायचं?

“मॅडम, आय नॉट आस्क. हाव मीन्स यस.”

“यस?” मार्टिना खो खो हसली. हसता हसता थांबली. “म्हणजे रिपोर्टलासुद्धा यस?”

“दॅट यस... राँग. रिपोर्ट नो. नेव्हर.”

मार्टिनाचा चेहरा उतरला. कागदाशिवाय माल घेता येणार नाही, तिने स्पष्ट सांगितलं. दिपालीने ओढणीने घाम पुसला. मग धीर करून विचारलं, रिपोर्ट कसा काढतात? कुठे? किती दिवस लागतात?

दाखवायचा ठरवलेला फुटाळा तलाव राहूनच गेला. शहरातल्या एका तपासणी प्रयोगशाळेचा पत्ता शोधत दोघी चार गल्ल्या चुकल्या. तिथल्या माणसाला दिपाली मराठीत खोदून खोदून विचारत होती आणि मार्टिना सारखी म्हणत होती, काय म्हणाला? काय म्हणाला? ते सांगता सांगता दिपालीचं इंग्रजी सुटलं. मोडकंतोडकं, पण थांबेना. दर लॉटमधून अर्धा किलो नमुना आणायचा, चार दिवसांत कागद.

बाहेर आल्यावर मार्टिना म्हणाली, उद्या हॉटेलात नको, तुमच्या गच्चीवरच भेटू. आधी एक लहान लॉट, रिपोर्टसकट. तो चांगला निघाला तर वर्षाचं बोलू.

दिपालीने तिथूनच घरी फोन लावला. “आई, उद्या पाहुणी मिरची पाहाले आपल्या घरीच येऊन राहिली.”

“देली का वं ऑर्डर?” प्रयागबाईंनी विचारलं.

“एकच लॉट. तोही कागद आल्यावर.”

“मंग येऊ दे. त्या साऱ्या जणींले सकाळीच बोलावतो. अन् मी मिरची कानाशी धरतो ते दाखवू का तिले, का हसन ते बाई?”

“दाखवा,” दिपाली म्हणाली. “मी सांगतो तिले इंग्रजीत.”