मष्णू आणि मारुतीरावांचा थंड हीटर

खानापूर स्टेशनामागं पत्र्याची एक शेड होती. तिथं मष्णू मोटारी दुरुस्त करायचा. पहिल्या महायुद्धात तो इराकात बसऱ्याला गेला होता तो स्वयंपाक्यांच्या हाताखाली कांदे चिरायला. परत आला तो लष्करी लॉऱ्यांचं पोट उघडायला शिकून. भाऊबंद भातशेती करत राहिले. यानं शेड टाकली.

माणसांबद्दल त्याला आदर म्हणून नव्हता. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो इंजिनाकडं तोंड करून उभा राहायचा. "गाडी खोटं बोलत न्हाय," म्हणायचा, "मालक बोलतोय."

आमच्या गावच्या मारुतीरावांना त्यानं नेमकं ओळखलं होतं. हे लाकडाचे ठेकेदार. जांबोटीच्या जंगलातला साग तोडून माणूस जेवढा फुगू शकतो, तेवढे फुगलेले. अडतीस साली त्यांनी उटीहून विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची अमेरिकन मोटार विकत घेतली. उटीच्या थंडीसाठी साहेबानं तीत हीटर बसवून घेतला होता. पुढच्या फळीखाली एक काळी पेटी, तिच्यात छोटा पंखा. मारुतीराव तिला 'माझी शेगडी' म्हणत, आणि दिसेल त्याला गाडीत बसवून ती दाखवत.

शेगडी थंड होती. कळ दाबली की पंखा घरघरायचा आणि थंडगार वारं पायांवर यायचं. पण मारुतीराव वळून विचारायचे, "काय, ऊब लागतीया न्हवं?" आणि मागं बसलेला म्हणायचा, "व्हय मालक, लई झ्याक." कोणी कोटाचं बटण सोडायचा, कोणी उपरण्यानं कोरडं कपाळ पुसायचा. मी त्यांच्या मुलींना शिकवायला जायचो. शनिवारी फुकट बेळगावला जायला मिळतं म्हणून मीही बटण सोडलेलं आहे. त्या दिवसांतला मी आठवलो की आजही मला माझी किळस येते.

खोटं न बोलणारं त्या गाडीत एकच माणूस होतं, मारुतीरावांची बायको मालुबाई. तिला दमा होता. दर शनिवारी तिला बेळगावच्या डॉक्टरांकडं न्यावं लागे. धुक्यातून गाडी चालली की ते वारं तिच्या पायांवर यायचं, आणि वाटेतलं देसूर येईतो तिला खोकल्याची ढास लागायची. "हे थंड वारं मारालंय, बंद करा," ती म्हणायची. मारुतीराव म्हणायचे, "तुझं रगातच थंड हाय."

तरी त्यांनी बेळगावच्या कॅम्पातून आपल्या नेहमीच्या आण्णाप्पा फिटरला बोलावलं. या गृहस्थाकडं चौकटीत बसवलेलं सर्टिफिकेट होतं आणि ते तो पिशवीतून बरोबर आणायचा. त्यानं पंख्याची मोटर बिघडल्याचं सांगितलं आणि मुंबईहून नवी मागवली. ती बसल्यावर थंड वारं दुप्पट जोरानं यायला लागलं. "फोर्स वाढला बगा," आण्णाप्पा म्हणाला. मारुतीरावांनी मान डोलावली.

पुढच्या शनिवारी मालुबाईनं गाडीत पाऊल टाकायचं नाकारलं. "आदी मष्णूला दाखवा. मगच बसतो मी." अंगणात आण्णाप्पा आणि मी धरून चार माणसं होती, म्हणून मारुतीरावांना नाही म्हणता येईना.

मष्णू आला. कुणाला रामराम नाही. इंजिन गार होतं तेव्हाच त्यानं रेडिएटरचं झाकण काढून बोट बुडवलं. बोट तांबड्या चिखलानं माखून आलं. ते त्यानं मारुतीरावांच्या नाकापुढं धरलं. "हे पाणी कुठलं?"

"वड्याचं," मारुतीराव म्हणाले. "जंगलात काय विहिरी हायत?"

"मालक, वड्याचं पाणी तुमी पिताय काय? मग गाडीला कशाला पाजताय?"

मग त्यानं इंजिन सुरू करून वीस मिनिटं तसंच ठेवलं. हीटरकडं जाणाऱ्या नळीवर हात ठेवला, मग परत येणाऱ्या नळीवर. मलाही ठेवायला लावला. "सांगा मास्तर. ह्या नळीबद्दल तरी खरं सांगा."

जाणारी नळी जेमतेम कोमट होती. येणारी थंड.

"म्हंजे दोन रोग," मष्णू म्हणाला. "पेटीतल्या नळ्या चिखलानं तुंबल्यात, पाणी फिरंना. आनी मुळात पाणीच तापंना. इंजिन तापूस्तवर पाणी अडवून धरणारी झडप आसती, थर्मोस्टॅट. ती हितं न्हाय. कुणी खाल्ली?"

आण्णाप्पा सर्टिफिकेटाची पिशवी सावरत म्हणाला, "उन्हाळ्यात घाटात गाडी उकळत होती, म्हणून मीच काढली. आपल्या देशात त्याची गरज नाही."

"चिखलानं उकळत हुती रं, शाण्या. पोट दुखतंय म्हणून तू दात उपटलास."

झडप आण्णाप्पाच्याच हत्यारांच्या खोक्यात खिळ्यांखाली सापडली. मष्णू ती घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "आक्का, उकळतं पाणी द्या." मालुबाईनं चुलीवरचं पातेलं पुढं सरकवलं. मष्णूनं दोऱ्याला बांधून झडप पाण्यात सोडली, तशी ती हळूहळू उघडली. बाहेर काढली, मिटली. मालुबाई वाकून बघत होती. "जित्ती हाय की गं बाई," ती म्हणाली. त्या दिवशी मष्णू पहिल्यांदा हसला.

दुपारभर त्यानं हीटरच्या नळ्यांतून सोड्याचं गरम पाणी उलट्या बाजूनं सोडलं. अंगणात तांबडा गाळ साचला. रेडिएटर धुतला, झडप बसवली, विहिरीचं पाणी गाळून भरलं. वरची नळी जरा ढिली करून आतली हवा जाऊ दिली. बुडबुडे थांबल्यावर आवळली. मग इंजिन तापू दिलं आणि पंखा लावला.

मालुबाई पुढं बसली होती. तिनं पाय पेटीजवळ नेले आणि डोळे मिटले.  बराच वेळ तिला खोकला आला नाही.

चार दिवसांनी मारुतीरावांच्या ओसरीवर पाहुणे जमले होते. शेगडीचं कौतुक चाललं होतं. मारुतीराव म्हणाले, "आण्णाप्पाची कमाल. शेवटी सर्टिफिकेट त्ये सर्टिफिकेट." मी समोरच बसलो होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

आतून मालुबाईचा आवाज आला. "मष्णूनं केलंय त्ये. आण्णाप्पानं बिगडवलंतं."  भरल्या ओसरीत बाईनं नवऱ्याला खोटं पाडल्याचं खानापुरात मी तेवढं एकदाच ऐकलं.

मारुतीरावांनी पुन्हा मष्णूला गाडीजवळ येऊ दिलं नाही. ओढ्याचं पाणी पुन्हा सुरू झालं आणि पुढच्या थंडीत शेगडी पुन्हा गार पडली. माणसं पुन्हा बटणं सोडू लागली. मी मात्र शिकवणी सोडली. ते धैर्य नव्हे, मला शाळेत बढती मिळाली होती.

मालुबाई गाडीत बसेना. ती शनिवारी रेल्वेनं बेळगावला जाऊ लागली. रेल्वेच्या वेळेआधी अर्धा तास यायची आणि स्टेशनामागच्या शेडमध्ये थांबायची. ठेकेदार आला तरी मान वर न करणारा मष्णू तिच्यासाठी बसायचं खोकं फडक्यानं पुसायचा आणि उबेला भट्टीजवळ सरकवून द्यायचा. मी एकदा तिथून जात होतो. ती त्याला विचारत होती, कार्बुरेटर म्हणजे काय, आणि तो हातातलं काम टाकून, तिला समजेपर्यंत, सांगत होता.