ओल्या घोंगडीची परीक्षा

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा. भोरच्या स्टँडमागे एक इस्त्रीवाले काका आहेत. तारेच्या हँगरला ते बांबूची कामटी लावून सायकलच्या ट्यूबने आवळतात. मग त्यावर ओली घोंगडी टांगून सावकाश चहा पितात. चहा संपेपर्यंत वाकला नाही, तर हँगर पास.

"काका, म्हैस टांगताय व्हय?" येणारे-जाणारे चिडवतात.

"आणा की, टांगून दावतो!" काका म्हणतात.

मी संध्याकाळी काम करतो त्या आमच्या शिवरे गावातल्या शेरवानीच्या दुकानात त्यांनी नमुन्याचे दहा हँगर दिले होते. कॉलेजला जाताना ते मला रोज विचारायचे, "मालक काय म्हनले?" मी म्हणायचो, "अजून काय नाय."

आज एसटीतून उतरून मी धावतच गेलो. "काका, लग्नसराईत बाकीचे सगळे वाकले. तुमचे दहाही ताठ हाईत. मालकांनी अख्ख्या दुकानासाठी मागितलेत!"