त्या म्हाताऱ्याच्या टमाट्यांचं काय झालं?

रविवारी भोकरदनला दुपारभर लाइट गेली नाही. त्यामुळे शेवटचा भाग न बघण्याचं एकही कारण माझ्यापाशी उरलं नाही...

सिरीज फ्रेंच आहे, हिंदीत डब केलेली. एक वेंधळा इन्स्पेक्टर आणि त्याची रिटायर्ड पोलीस सासू मिळून चोर पकडतात. छपराला लटकलेले असतानाही दोघं भांडतात, आणि गाडी कायम सासूच चालवते. मी शाळेत संस्कृत शिकवतो. हास्य आणि वीर हे दोन रस एकाच पातेल्यात इतके छान उकळलेले फार दिवसांनी पाहिले.

दोषही पुष्कळ. चोर पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो. पिस्तूल म्हणजे अक्षयपात्र, गोळ्या संपतच नाहीत... आणि खलनायक आपला बेत असा सविस्तर समजावून सांगतो, जणू दहा मार्कांचा प्रश्न आलाय.

बायकोचा आक्षेप मात्र एकच. पहिल्याच भागात सासूबाईंनी भर बाजारातून गाडी घातली आणि एका म्हाताऱ्याचा टमाट्यांचा गाडा उलटला. कॅमेरा पुढे गेला, ही तिथंच थांबली... "अहो, त्याचे टमाटे कोण उचलील?"

ती जवळच्याच धावडा गावची. तिचे वडील इथल्याच आठवडी बाजारात टमाटे विकायला बसायचे. पुढच्या प्रत्येक भागात ती त्या म्हाताऱ्याची वाट बघायची, आणि मी तिला चिडवायचो.

एकच भाग उरला आणि ती पुण्याला गेली... लेकीचं दुसरं बाळंतपण. शेवटचा भाग दोघांनी मिळून बघायचा, असं ठरलं होतं. सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली. नात आता पालथी पडायला लागली.

मी एकट्यापुरती खिचडी लावतो, ती दोघांची होते. सोफ्यावर तिच्या जागी धुतलेले कपडे बसतात, तेही घडी न घालता. विरहातल्या शृंगाराला शास्त्रात विप्रलंभ म्हणतात. व्याख्या मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतली... उदाहरण आत्ता सापडलं.

तर रविवारी एकट्यानंच बघून टाकला. चोर सापडला, सासू-जावयाचं गूळपीठ जमलं... म्हातारा कुठंच नाही. मागे घेऊन घेऊन बघितलं. नाहीच.

संध्याकाळी तिचा फोन आला. "पोरगी म्हणून राह्यली, दिवाळीपर्यंत थांब. काय करू?"

'नको थांबू' असं सरळ म्हणायची आमच्या पिढीत पद्धत नाही. मी म्हणालो, "थांब की... बाकी तुझा तो म्हातारा शेवटच्या भागात आहे बरं का."

"काय सांगून राह्यले तुम्ही!"

"बिलकुल. नवा गाडा, लालभडक टमाटे. सासूबाई स्वतः पिशवी घेऊन येतात. तू येऊन बघच."

मग ती हसली.

"अहो मास्तर, मी बघितला न त्यो भाग, पोरीच्या मोबाईलवर. म्हातारा न्हाई त्यात."

मी सोफ्यावरचे कपडे घडी घालायला घेतले.

"शनिवारच्या गाडीनं येते मंग. टमाटे आणून ठेवा."

त्या फ्रेंच लेखकमंडळींनी म्हाताऱ्याला साफ विसरून कथानकात मोठंच भोक ठेवलं. त्यांचे उपकार मी कसे फेडू...